नंतरच्या पंचफुलाचे ऐकू नये

मी, प्राध्यापक डॉ. पंचफुला पंडित खंदारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, इतिहास विभागाची सेवानिवृत्त प्रमुख, राहणार वसमत रस्ता, परभणी, आज माझ्याच घरात माझ्याच टेबलापाशी बसून, कुणाचा धाक, लोभ किंवा गोडबोलेपणा मध्ये येऊ न देता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. कुणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

वकिलांनी दिलेल्या नमुन्यात या जागी ‘माझी स्मरणशक्ती उत्तम आहे’ असे वाक्य आहे. ते मी उतरवून घेणार नाही. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, पुराव्याशिवाय वाक्य लिहायचा हात नाही राहिला. आज मी शुद्धीत आहे. कालही होते. परवाचे सांगता येत नाही. डॉक्टरांनी माझ्या आजाराला एक लांबलचक नाव दिले आहे आणि तो मागे फिरणारा नाही हेही तोंडावर सांगितले आहे. मला फार भीती वाटते. मरणाची वाटते ती सगळ्यांना वाटते तेवढीच. खरी भीती ही की मरणाच्या आधीच मी इथून निघून जाईन आणि माझे तोंड मात्र मागे बोलत राहील.

कायदा असे सांगतो की ज्याचे मन कधी जागेवर असते आणि कधी नसते, त्याने मन जागेवर असताना केलेले मृत्युपत्र चालते. मला सकाळी बरे असते, म्हणून हे सगळे मी सकाळीच लिहिले आहे. डोके जड वाटले की लेखणी ठेवली आहे. त्यामुळे अक्षर मध्येच बदललेले दिसेल, पण हात माझाच आहे.

कलम १. घर

माझे राहते घर, खालच्या खोल्या, वरची खोली, गच्ची आणि मागचा कडुनिंब यांसह, माझ्या पगारातून बांधलेले असून पूर्णपणे स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित त्यात एक वीट नाही. माझे वडील पंडित खंदारे पिंगळी स्टेशनावर रेल्वेचे गँगमन होते. त्यांनी मला रेल्वेचा पास दिला, त्या पासावर मी परभणीच्या कॉलेजात आले आणि पुढचे सगळे त्यातून झाले. हे घर माझ्या मृत्यूनंतर सुकेशनी सिद्धोधन वाव्हळे हिला मिळावे.

सुकेशनी पाथरी तालुक्यातली. माझी विद्यार्थिनी होती. आज त्याच कॉलेजात तोच विषय शिकवते, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच मोबदला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुणीच नसते. वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आली. भाडे मी घेत नाही याचा तिला राग येतो आणि ती बाजार करून तो राग काढते. माझ्या औषधांच्या वेळा मला नाही, तिला पाठ आहेत.

या देण्याला काहीही अट नाही. तिने लग्न केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे, विकले तरी माझी तक्रार नाही. मात्र कपाटाची उंदरांनी कुरतडलेली जाळी आता तरी बदलावी.

कलम २. बालाजी

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, बालाजी यास पिंगळीची माझ्या वाट्याची जमीन आणि त्याची बायको निकिता हिला माझ्या आईच्या, केशरबाईच्या, पाटल्या द्याव्यात. आईने त्या कधी घातल्या नाहीत. मोडतील म्हणून भीत असे.

बालाजी वाईट मुलगा नाही, हे मी लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्याविषयी मी जे लिहिणार आहे ते वाचून लोक त्याला वाईट म्हणतील. माझ्या घरी राहून तो शिकला. कॉलेजात कारकुनाची जागा निघाली तेव्हा निवड समितीत मी होते. आत्या आपले नाव पुढे करील अशी त्याची खात्री होती. त्याच्यापेक्षा चांगला अर्ज समोर होता, तो मी निवडला. घरी आल्यावर तो म्हणाला, “सगळ्यांच्या आत्या करत्यात. तूच तेवढी शहाणी हायस का?” तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. पुन्हा ती वेळ आली तरी मी तसेच करीन. पण घर आता घराबाहेर चालले आहे म्हणून तो धास्तावला आहे, आणि धास्तावलेला माणूस काय काय करतो ते मला पुढे लिहायचे आहे.

कलम ३. पुस्तके, आणि ती कॉलेजला का नाहीत

माझी सर्व पुस्तके पिंगळीच्या बुद्धविहारातील वाचनालयास द्यावीत. कॉलेजला देऊ नयेत. याचे कारण रंगनाथ सर.

प्राध्यापक रंगनाथ पेडगावकर यांनी मला इतिहास शिकवला. आमचे कॉलेज निजामी अमलातले, दगडी दालनांचे. मराठवाड्यातले किती नामवंत तिथून निघाले याची यादी सभागृहाच्या भिंतीवर फोटोंसकट आहे. मंत्री, कारखान्याचे चेअरमन, दोन कुलगुरू, आणि मग जागा उरली म्हणून आम्ही शिक्षक. त्या भिंतीवरच्या निम्म्या लोकांना रंगनाथ सरांनी वर्गाबाहेर उभे केलेले होते.

आमच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एक पद्धत आहे. सगळ्यात वयस्कर प्राध्यापक मंचावरून एखाद्या जुन्या तुकडीची हजेरी घेतात. नाव पुकारले की आमदार असो नाहीतर कुलगुरू, उभे राहून ‘हजर सर’ म्हणायचे. जो वारला असेल त्याच्या नावाला शेजारी बसणाऱ्याने ‘हजर’ म्हणायचे. आम्हाला ही पद्धत प्रिय होती. तिनेच सरांचा घात केला.

त्या वर्षी सरांनी आमच्या तुकडीची हजेरी घेतली. संपली. मग त्यांनी ती पुन्हा पहिल्या नावापासून सुरू केली. सभागृह खूश झाले. सरांचा मिश्कील स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता, सगळ्यांनी दुसऱ्यांदाही आनंदाने ‘हजर सर’ म्हटले. तिसऱ्यांदा सुरू केली. माझ्या बाकावरची मैत्रीण केव्हाच वारली होती, तिच्या नावाला मी उठून ‘हजर’ म्हटले. सर थांबले. काठी टेकत मंचावरून खाली उतरले, माझ्यासमोर आले. “हा तिचा आवाज न्हाई. खोटी हजेरी लावायलीस? कोण तू? कुणाची पोरगी?” लोक टाळ्या वाजवत होते. मी सरांच्या इतकी जवळ उभी होते की त्यांचे ओठ थरथरताना मला दिसत होते. ते चेष्टा करीत नव्हते. ते कुठे आहेत हे त्यांना कळत नव्हते, आणि सगळे जग आपल्याला का हसते आहे हेही कळत नव्हते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो झटकला.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपले आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकले, हसऱ्या चेहऱ्यांसकट. पुढे सर गेले. त्यांनी आपले घर खेड्यातून येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी लिहून ठेवले होते आणि त्या कागदावर सही मेळाव्याच्याच आठवड्यात, एका चांगल्या सकाळी केली होती. सरांच्या मुलांनी दावा लावला आणि त्यांच्या वकिलाने कोर्टात तो व्हिडिओ लावला. हा माणूस शुद्धीत होता का, एवढेच विचारले. ज्यांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या त्यांच्याच टाळ्या पुरावा म्हणून ऐकवल्या गेल्या. दावा अजून चालू आहे, घराला कुलूप आहे, एकही मुलगी तिथे राहिलेली नाही. नको ती भानगड म्हणून कॉलेजने भिंतीवरचा सरांचा फोटो उतरवला आणि त्यांनी आधीच दिलेली पुस्तके गळक्या खोलीत हलवली. ती बुरशीने खाल्लेली मी पाहिली आहेत. माझी तिथे जाणार नाहीत.

कलम ४. फोटो, कप आणि शोकसभा

माझा फोटो त्या भिंतीसाठी काढून झालेला आहे. फोटोग्राफरने मला तीनतीनदा ‘मॅडम, जरा हसा’ म्हटले. सरांचा फोटो जोवर परत लागत नाही तोवर माझा लावू नये. सरांच्या जागी नुसता खिळा आहे, त्या खिळ्यावर तर मुळीच लावू नये.

काचेच्या कपाटात कान तुटलेला एक पांढरा कप आहे. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्यासाठी तो वेगळा ठेवला जाई, बाकीच्यांचे कप एका ट्रेमध्ये येत आणि माझा खिडकीत असे. तो का वेगळा, हे कधी कुणी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. एके दिवशी रंगनाथ सरांनी आपला चहा त्यात ओतून घेतला आणि पिऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून तोही ट्रेमध्ये यायला लागला. हा कप कॉलेजच्या संग्रहालयास द्यावा. खाली चिठ्ठी लावून त्याची हकिकत लिहावी. चिठ्ठी लावायला लाज वाटत असेल तर कप देऊ नये.

कॉलेजात माझी शोकसभा घेऊ नये. ज्यांनी माझ्या पदोन्नतीची फाइल दाबून धरली ते सेवानिवृत्त प्राचार्य अजून ठणठणीत आहेत आणि त्यांना बोलायची फार हौस आहे. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा, दिवसाउजेडी करावा.

कलम ५. हे आताच का लिहिते आहे

या पावसाळ्याच्या शेवटी मी एका सकाळी साडी नेसून, पिशवीत दोन पुस्तके घेऊन, पिंगळी स्टेशनावर बाकावर बसले होते. रिक्षाने गेले की बसने, मला माहीत नाही. मला एवढेच आठवते की गाडीला उशीर होत होता आणि सरांचा पहिला तास चुकणार म्हणून माझा जीव खालीवर होत होता. समोर नवीन फलाट, वर विजेच्या तारा. हे सगळे कधी झाले असे वाटत होते, पण विचारायचे कुणाला?

सुकेशनी शोधत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, “मॅडम, आज कॉलेजला सुट्टी हाय. चला, घरी जाऊ. रिक्षा उभा केलाय.” मी तिच्याबरोबर निघाले. रिक्षात बसल्यावर मला सगळे परत आले, आणि मी तिचा हात इतका घट्ट धरला की तिच्या मनगटावर वळ उठले. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी तो हात सोडला नाही.

ही बातमी पिंगळीहून बालाजीकडे पोचायला वेळ लागला नाही. तेव्हापासून तो येतो. येताना मोबाइल हातातच असतो. “आत्या, इकडं बघ. आज वार कोणता हाय, सांग बरं. मी कोण हाय? जेवलीस का? काय जेवलीस?” मी चिडले तर चिडलेली टिपतो. गप्प बसले तर गप्प बसलेली. आता दाराबाहेर त्याच्या चपलेचा आवाज आला की मी मनातल्या मनात वार घोकायला लागते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत अशी परीक्षा द्यावी लागेल असे कधी वाटले नव्हते.

कलम ६. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कॉलेजच्या ग्रंथपाल राजेश्री रेंगे यांनी करावी. त्यांनी पुस्तक परत न करणाऱ्या कुलगुरूंनाही सोडलेले नाही, त्या माझ्या वारसांनाही सोडणार नाहीत अशी खात्री आहे.

कलम ७. सुकेशनीविषयी मी पुढे काय बोलेन त्याविषयी

हे कलम घालू नये असे मला वकिलांनी सांगितले, डॉक्टरांनी सांगितले. तरी घालते आहे.

दिवाळीच्या आधी बालाजीने मला एक व्हिडिओ दाखवला. म्हणाला, “बघ. मी न्हाई म्हणत, तूच म्हणायलीस.” त्यात मी याच खुर्चीत बसले आहे. केस सुटलेले. समोर सुकेशनी उभी आहे, तिच्या एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात माझी गोळी. बालाजीचा आवाज विचारतो, “आत्या, ही पोरगी कोण हाय?”

मी म्हणते, “मला न्हाई ठावं. माझ्या कपाटाला हात लावायली. चोर हाय ती. हाकला तिला भायेर.”

सुकेशनी म्हणते, “मॅडम, गोळी घ्या.” मी तिच्या हाताला झटका देते. पेला पडतो. ती खाली वाकून काचा गोळा करते, आणि मी तिच्या डोक्यावरून ओरडतच राहते.

यातले मला काहीही आठवत नाही. एक शब्दही नाही. आवाज माझाच आहे. वर्गात जन्मभर शुद्ध भाषा बोलले, त्या व्हिडिओत मी माझ्या आईसारखी बोलते आहे. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. या खोलीत आणखी एक बाई राहते, तिला माझा चेहरा आहे, ती माझ्या माणसांना हाकलते आहे आणि मला तिला अडवता येत नाही, असे मला वाटले. तेव्हापासून आरशासमोर जायचीही मला भीती वाटते.

सुकेशनीला मी विचारले, हे मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “सांगून काय करू? ते तुमी नव्हताव, मॅडम.” आणि ती कणीक मळायला लागली. मी तिच्या पाठीमागे उभी राहून खूप रडले.

म्हणून मी आज, शुद्धीत असताना, पुढील गोष्टी स्पष्ट करते.

सुकेशनीने माझ्या घरातील कोणतीही वस्तू कधीही घेतलेली नाही. कपाटाची किल्ली मीच तिला दिली आहे. यापुढे मी तिला चोर म्हटले, ओळखले नाही, मारले, किंवा तिला घरातून काढा असे सांगितले, मग ते मोबाइलसमोर असो, पोलिसांसमोर असो वा कोर्टासमोर, तर ते माझे म्हणणे समजू नये. तो माझा आजार बोलतो आहे असे समजावे. माझ्या अंगठ्याचा ठसा असलेला कोणताही कागद माझा नाही. मी सही करणारी बाई आहे. अंगठा दिसला तर कुणीतरी माझा हात धरला आहे असे समजावे. नंतरच्या तारखेचे दुसरे मृत्युपत्र निघाले, तर ते करताना मी शुद्धीत होते याचा परक्या डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय ते मानू नये.

आणि सुकेशनी, हे तुला. तो दिवस पुन्हा येईल. कदाचित रोजच येईल. तेव्हा मी तुला जे म्हणेन ते तू खरे मानू नकोस. गोळी देत राहा. घेतली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा दे. आणि अगदीच असह्य झाले तर मला दवाखान्यात ठेव आणि तू आपले तास घ्यायला जा. त्यासाठी मी तुला आजच माफ केले आहे, कारण त्या दिवशी मला ते करता येईल की नाही हे मला माहीत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, तो मला मान्य आहे. दोघा साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली आहे. यातून दोघांनाही काही मिळायचे नाही. बालाजीला आज बोलावले होते. त्याने दाराशी उभे राहून सगळे वाचन मोबाइलवर टिपले. मी त्याला अडवले नाही. सातवे कलम सुरू झाल्यावर त्याचा हात खाली आला होता, तेव्हा मीच त्याला म्हटले, “बालाजी, नीट धर. हे पण टीप.”

स्थळ : परभणी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळ

(सही) पंचफुला पंडित खंदारे
मृत्युपत्र करणार

साक्षीदार
१. (सही) राजेश्री रेंगे, ग्रंथपाल
२. (सही) डॉ. बन्सीधर दुधाटे

डॉक्टरांचा दाखला

मी, डॉ. बन्सीधर दुधाटे, याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, आज सही होण्यापूर्वी मॅडमची तपासणी केली. वार, तारीख, गाव, घरातील माणसे, आपली मालमत्ता कोणती, ती कुणाला आणि का, हे सर्व त्यांनी न अडखळता सांगितले. सातवे कलम काढून टाकावे, ते विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या आयतेच हाती पडेल, असे मी त्यांना निक्षून सांगितले होते. त्यांनी माझे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “बन्सीधर, तो व्हिडिओ कोर्टात येणारच आहे. तो लावतील तेव्हा मी जिवंत नसेन, आणि असले तरी त्याच बाईच्या बाजूने बोलत असेन. हे कलम काढले तर त्या पोरीच्या बाजूने कोण बोलेल, तू सांग.”

मृत्युपत्र करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे, असे मी प्रमाणित करतो.

(सही) डॉ. बन्सीधर दुधाटे
परभणी